अंगावर पाजताना कॅलरी मोजायच्या कशा, वजन उतरवायचं कसं

अंगावर पाजणाऱ्या आईला रोज जास्तीच्या किती कॅलरी लागतात, हे शोधायला गेलं की निरनिराळी उत्तरं सापडतात. कुणी ३३० सांगतं, कुणी ५००, कुणी ६७५. गंमत म्हणजे यातलं कुठलंच उत्तर चुकीचं नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि हे लक्षात न आल्यामुळेच बहुतेकींचा हिशोब पहिल्या दिवशी चुकतो.

६७५ हा दूध तयार करण्याचा पूर्ण खर्च. पहिल्या सहा महिन्यांत फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण ८०० मिली दूध पितं. १०० मिली दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात. पण शरीराला हे दूध फुकट करता येत नाही. आईने खर्च केलेल्या शंभर कॅलरींतल्या साधारण ऐंशी दुधात उतरतात, बाकीच्या ते दूध बनवण्यात जातात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २००४ च्या अहवालात हा हिशोब ६७५ पर्यंत पोचतो. मग त्याच अहवालात त्यातून १७० वजा करून ५०५ जास्त खा असं सांगितलं आहे, कारण गरोदरपणात साठलेली चरबी रोज तेवढी ऊर्जा पुरवते असं धरलं आहे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००५ मध्ये सुरुवात ५०० पासून केली, तेच १७० वजा केले आणि पहिल्या सहा महिन्यांसाठी ३३० हा आकडा दिला.

म्हणजे ३३० आणि ५०५ या आकड्यांत महिन्याला साधारण ०.८ किलो वजन उतरणं आधीच धरलेलं आहे. आता एखादी आई अ‍ॅपमध्ये ३३० भरते आणि वर ‘आठवड्याला अर्धा किलो कमी करायचंय’ हा पर्याय निवडते. अ‍ॅप आणखी ५०० कापतं. कागदावर तूट ५०० ची, प्रत्यक्षात ६५० ते ८५० ची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चक्कर, चिडचिड, रात्री दोनला डबा उघडून खाणं, आणि दोष मात्र ‘माझ्यात निग्रहच नाही’ याला.

सुरुवात कधी

पहिले सहा आठवडे काहीही कापू नका. दुधाचा जम बसायचे हे दिवस आहेत. सुरुवातीला दूध संप्रेरकांच्या जोरावर येतं, नंतर हळूहळू ‘जेवढं काढलं जाईल तेवढं बनेल’ या तत्त्वावर चालू लागतं. वजन तसंही या काळात आपोआप उतरतं: बाळ, वार आणि गर्भजल मिळून पाच-सहा किलो प्रसूतीतच जातात आणि पुढच्या दिवसांत अंगावरची सूज लघवी-घामावाटे ओसरते. या उतरणीला चरबी कमी झाली असं समजू नका. ती थांबली म्हणून घाबरूही नका.

सहा ते आठ आठवड्यांनंतर, प्रसूतीनंतरची तपासणी झाली असेल, बाळाचं वजन नीट वाढत असेल आणि दुधाची तक्रार नसेल, तर सुरुवात करायला हरकत नाही. मधुमेह, थायरॉइड किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन घेणाऱ्या आईची साखर पाजल्यावर खाली येऊ शकते, तिने जेवण कमी करण्याचा प्रयोग स्वतःच्या जबाबदारीवर करू नये. पूर्वी कधी खाण्याच्या विकाराचा त्रास झाला असेल, किंवा सध्या मन सतत उदास असेल, तर आकडे मोजण्याची ही पद्धत तुमच्यासाठी नाही. त्या त्रासासाठी मदत आधी घ्या.

पहिला आठवडा: फक्त लिहा

सात दिवस जे खाता तेच खा, फक्त सगळं नोंदवा. स्वयंपाकघरात एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, पाच किलो पेलणारा डिजिटल काटा हवा. त्यावर भांडं ठेवून शून्य करायचं बटण असतंच. वाटी-चमच्याच्या मापावर भरवसा नको. एक मोठा चमचा तेल, म्हणजे १५ मिली, १२० कॅलरींचं असतं. बाटलीतून अंदाजाने ओतलं की ते सहज दुप्पट होतं, आणि ताटात ते दिसतही नाही.

कडेवर बाळ असताना टाइप करणं जमत नाही, त्यामुळे नोंद राहून जाते. त्यावर सोपा उपाय म्हणजे खाण्याआधी ताट काट्यावर ठेवून आकड्यासकट फोटो काढा आणि बाळ झोपल्यावर एकदम भरा. सगळ्यात जास्त काय सुटतं तर पाजताना एका हाताने खाल्लेलं. मूठभर सुकामेवा, म्हणजे ३० ग्रॅम, १७० ते १८० कॅलरींचा. बिस्किटं, मोठ्या मुलाच्या ताटात उरलेले घास, दिवसातून चार वेळा गोड चहा किंवा कॉफी. ही यादी आठवड्याच्या शेवटी बघितली की पुढे काय कापायचं हे शोधावं लागत नाही.

एकत्र शिजवलेल्या पदार्थाच्या कॅलरी कशा काढायच्या, हे एकदा नीट करून बघा, कारण घरच्या जेवणात नेमकी इथेच गाडी अडते. समजा तांदूळ, डाळ आणि भाज्या एका भांड्यात शिजवल्या. रिकाम्या भांड्याचं वजन आधी लिहून ठेवा, इथे ८४० ग्रॅम. मग कच्चे जिन्नस मोजा:

तांदूळ २०० ग्रॅम – ७२० कॅलरी
डाळ १०० ग्रॅम – ३५०
तेल ३० मिली – २४०
भाज्या १५० ग्रॅम – ५०

एकूण १,३६०. शिजल्यावर भांड्यासकट वजन भरलं १,९९० ग्रॅम. भांडं वजा केलं की अन्न १,१५० ग्रॅम. १,३६० भागिले १,१५०, म्हणजे ग्रॅमला १.१८ कॅलरी. तुमच्या ताटात ३५० ग्रॅम आलं तर सुमारे ४१५. कच्च्या आणि शिजलेल्याची गल्लत इथे महाग पडते: १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ३६० कॅलरी, तर १०० ग्रॅम भातात १३० च्या आसपास. अ‍ॅपमध्ये ‘तांदूळ’ निवडून ताटातल्या भाताचं वजन टाकलं की दिवसाचा हिशोब शेकड्यांनी फुगतो. नेहमीच्या आठ-दहा पदार्थांचे आकडे एकदा काढून फ्रिजच्या दारावर लावले की नंतर फार मोजावं लागत नाही.

आकडा ठरवणं

झोपून राहिलं तरी शरीराला लागणारी ऊर्जा मिफ्लिन-सेंट जॉर सूत्राने काढतात. बायकांसाठी ते असं: वजन (किलो) × १०, अधिक उंची (सेंमी) × ६.२५, वजा वय × ५, वजा १६१.

वय २९, उंची १५८, वजन ७२ असेल तर: ७२० + ९८७.५ – १४५ – १६१ = सुमारे १,४००. आता हालचालीचा गुणक. दिवसभर बसून असणाऱ्यांना १.२, हलकी हालचाल असणाऱ्यांना १.३७५ धरतात. तान्ह्या बाळाच्या आईला आपण दिवसभर पळतोय असं वाटतं, पण दिवसाचे कित्येक तास बसून पाजण्यात जातात. १.३ धरा. इथे ते १,८२० होतात.

त्यात दुधाचे मिळवा. फक्त अंगावर पाजत असाल तर ५०० मिळवा, पूर्ण ६७५ नको, कारण दूध नेमकं किती जातंय हे तुम्हाला माहीत नसतं. उरलेला फरक आपसूक तुटीत जमा होतो. १,८२० + ५०० = २,३२०. यातून फक्त ३०० कापा. हातात साधारण २,००० चा आकडा येतो. खरी तूट ३०० ते ४७५ च्या दरम्यान पडते, आणि एक किलो चरबीला साधारण ७,७०० कॅलरी धरल्या तर आठवड्याला पाव किलो ते चारशे ग्रॅम उतरतात. दिसायला संथ, पण टिकणारं.

गणित काहीही सांगो, १,८०० च्या खाली जाऊ नका. कमी उंचीच्या, कमी वजनाच्या बाईचा आकडा त्याहून खाली आला तर तिने तूट १०० ते १५० वरच ठेवावी, किंवा सध्या कापूच नये. रोज १,५०० च्या खाली राहिलं तर जीवनसत्त्वं आणि खनिजं पुरी पडत नाहीत, आणि काहींचं दूधही घटतं.

वरचं दूधही चालू असेल तर ५०० सरसकट मिळवू नका. बाळ दिवसाला ४०० मिली वरचं पीत असेल, तर तुमचं जेमतेम निम्मं जातं, २५० मिळवा. पंप करून पाजणाऱ्यांची सोय मोठी, त्यांना मिली कळतात. १०० मिलीमागे साधारण ८० कॅलरी धरा आणि आठवड्याची सरासरी घ्या. जुळ्यांना पूर्ण अंगावर पाजणाऱ्या आईचा खर्च याच्या जवळजवळ दुप्पट असतो. तिने सुरुवातीचे काही महिने कॅलरी कापायचा विचारच सोडून द्यावा हे उत्तम.

अ‍ॅपमध्ये भरताना

काही अ‍ॅपमध्ये स्तनपानाचा वेगळा पर्याय असतो. तो निवडला तर आत नेमका कुठला आकडा धरलाय ते बघून घ्या. नसेल तर रोजचं लक्ष्य हाताने तुमच्या आकड्यावर (वरच्या उदाहरणात २,०००) ठेवा आणि विषय संपवा. स्तनपान ‘व्यायाम’ म्हणून किंवा उणे कॅलरींचा पदार्थ म्हणून भरण्याची युक्ती लोकप्रिय आहे, पण लक्ष्यातही दूध धरलेलं आणि वर ही नोंदही, असं दोनदा मोजलं जातं. मनगटी घड्याळाला अ‍ॅप जोडलेलं असेल तर आणखी एक घोळ: बाळाला जोजवताना, थोपटताना हात हलतो तो पावलांत धरला जातो, आणि अ‍ॅप म्हणतं आज २५० जास्त खा. ही जोडणी बंद ठेवा.

स्वतःचं वजन

रोज सकाळी, लघवी झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी आणि पहिलं पाजून झाल्यावर वजन करा. पाजून झाल्यावर असं मुद्दाम म्हटलं, कारण रात्रभर भरलेल्या छातीत शे-दोनशे ग्रॅम सहज असतात. एका दिवसाच्या आकड्याला किंमत देऊ नका. सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीशी सरासरी ताडून बघा. पाळी परत सुरू झाली की अंगात पाणी धरतं आणि काटा आठवडाभर हलत नाही, तेव्हा पूर्ण महिन्याचा फरक बघा.

सरासरी सलग दोन आठवडे अर्ध्या किलोपेक्षा वेगाने उतरत असेल तर रोज १५० ते २०० कॅलरी वाढवा, कितीही आनंद झाला तरी. चार आठवडे तसूभर हलली नाही तर आधी नोंदी तपासा, मगच १०० कापा.

अर्धा किलो ही मर्यादा हवेतली नाही. २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या, अंगावर पाजणाऱ्या ४० माता होत्या. त्यांतल्या निम्म्यांच्या जेवणातून बाळ महिन्याचं झाल्यापासून दहा आठवडे रोज ५०० कॅलरी कमी केल्या आणि आठवड्यातून चार दिवस ४५ मिनिटं व्यायाम करवून घेतला. वजन आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरलं, आणि दोन्ही गटांतल्या बाळांची वाढ सारखीच राहिली. पण त्या माता संशोधकांच्या देखरेखीखाली होत्या आणि त्यांच्या अंगावर उतरवण्याजोगी चरबी होती, हे विसरून चालणार नाही.

बाळाकडे बघा, छातीकडे नाही

दूध कमी झालंय का, हे ओळखण्याच्या घरगुती खुणा बहुतेक फसव्या असतात. दीड-दोन महिन्यांनंतर छाती मऊ लागते, कारण मागणी आणि पुरवठा जुळलेला असतो. पंपाला कमी दूध आलं म्हणजे बाळालाही कमी मिळतंय असं नाही. बाळाची ओढ पंपापेक्षा भारी असते. तीन आठवडे, सहा आठवडे, तीन महिने अशा सुमारास बाळ अचानक तासातासाला मागतं, तेही दूध आटल्याचं लक्षण नव्हे. फक्त त्या दोन-तीन दिवसांत कापाकापी थांबवा आणि भुकेप्रमाणे जेवा.

खऱ्या खुणा दोन. दिवसाला सहा किंवा जास्त ओले डायपर, लघवी फिकट रंगाची. आणि वजन: पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम, पुढच्या तीन महिन्यांत त्याहून कमी. बाळाचं वजन तपासणीला जाल तेव्हा एकाच काट्यावर करा आणि वाढीच्या तक्त्यावर रेष आपल्या वाटेने चाललीय ना, तेवढं बघा.

डायपर कमी झाले किंवा वजनाची रेष खाली वाकली तर त्याच दिवशी तूट बंद करा आणि बाळाला डॉक्टरांना दाखवा. पाजण्याच्या खेपा वाढवा. दोष प्रत्येक वेळी जेवणाचा नसतो. बाळाने नीट तोंडात न धरणं, एखादी खेप सतत चुकणं, रात्रीचं अंतर एकदम वाढणं, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू होणं, सर्दीत नाक मोकळं करणारी स्यूडोएफेड्रिनची गोळी घेणं, या कारणांनी दूध जास्त वेळा घटतं.

कापायचं काय, ठेवायचं काय

३०० कॅलरी म्हणजे अडीच मोठे चमचे तेल, किंवा दोन-तीन गोड पेयं. पहिल्या आठवड्याच्या नोंदीत त्या सापडल्याशिवाय राहत नाहीत. जेवण गाळू नका.

प्रथिनं दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास हवीत, तीन जेवणांत २० ते २५ ग्रॅम अशी वाटून. त्याने भूकही आटोक्यात राहते. कॅल्शियम १,००० मिग्रॅ. ते कमी पडलं तर दुधातलं कमी होत नाही, तुमच्या हाडांतून निघतं. पाजणाऱ्या आईच्या हाडांची घनता थोडी घटतेच, पाजणं थांबल्यावर ती भरून येते. आयोडीन, बी १२ आणि कोलीन यांची गोष्ट उलटी: आईच्या खाण्यात ते कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. मांस, मासे, अंडी आणि दूध यांतलं काहीच न खाणाऱ्या आईने बी १२ ची गोळी चुकवू नये, मग वजन उतरवायचं असो वा नसो.

रात्री पाजताना भूक लागतेच. तिच्याशी भांडण्यापेक्षा २०० कॅलरींचं काहीतरी, उदाहरणार्थ एक केळं आणि १०-१२ बदाम, झोपायच्या आधीच डबीत भरून उशाशी ठेवा आणि सकाळीच नोंदीत धरून टाका. अंधारात स्वयंपाकघरात गेलं की कधी २०० वर थांबत नाही. पाणी तहान लागेल तसं. जास्त पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही, उगाच उठाउठ होते.

पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करणारे आहार आणि दिवसदिवसभराचे उपास या काळात टाळा. पाजणाऱ्या आईच्या शरीरातून साखर दुधावाटे सतत जात असते, त्यामुळे तिच्या रक्तात आम्ल धोकादायक पातळीपर्यंत वाढल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. कमी खाण्याच्या दिवसांत मळमळ, उलट्या, धाप आणि अंगातलं त्राण जाणं असं एकत्र आलं तर लिंबूपाण्यावर वेळ काढू नका, रुग्णालय गाठा. वजन कमी करण्याची इंजेक्शनं, चरबी जाळणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि वजन उतरवणारे चहा पाजणाऱ्या आईने डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत.

व्यायामाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. चालणं लवकर सुरू करा, बाकी सगळं डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर. सिझेरियन झालं असेल किंवा पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असतील तर पोटाचे व्यायाम जाणकाराला दाखवूनच. व्यायामाने दूध आंबतं हा समज खोटा आहे. आधी पाजून घ्या, म्हणजे छाती हलकी राहते.

वजन अडलं तर

नोंदी चोख, तूट खरी, तरीही काटा महिना-दीड महिना जागचा हलत नाही, आणि सोबत थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइडला सूज येणं दुर्मीळ नाही, आणि झोपेच्या अभावावर ढकलल्यामुळे ती बराच काळ लक्षात येत नाही. तपासणी ठीक निघाली तर आणखी कापण्याऐवजी महिनाभर तूट शून्यावर आणा. काही बायकांच्या अंगावरचे शेवटचे दोन-तीन किलो पाजणं थांबेपर्यंत हलत नाहीत.

सहा महिन्यांनंतर

बाळाला वरचं खाणं सुरू झालं की दूध हळूहळू कमी होतं, पण अ‍ॅपमधले ५०० तसेच राहून जातात. आठव्या-नवव्या महिन्यात वजन परत चढू लागल्याची तक्रार बहुतेक वेळा इथून येते. दर महिन्याला खेपा मोजा. दिवसाच्या आठ खेपांच्या पाच झाल्या असतील तर ३०० ते ३५० धरा, तीन उरल्या तर २००, फक्त झोपताना एकदाच असेल तर ५०. पाजणं पूर्ण थांबल्यावर शून्य. त्या दिवशी सध्याच्या वजनाने मिफ्लिनचं सूत्र पुन्हा मांडा, कारण ७२ किलोवर काढलेला आकडा ६५ किलोला लागू पडत नाही.